वजन कमी करता करता थकलात? थोडे थांबणे हाही उपचारच आहे

चौथा महिना सुरू असतो. सुरुवातीचे सात-आठ किलो भराभर उतरलेले असतात. कपडे सैल झालेले असतात, लग्नात भेटलेली आत्या "काय केलंस गं?" म्हणून विचारून गेलेली असते. मग वजनकाटा एका आकड्यावर अडकतो आणि तीन आठवडे तिथून हलत नाही. पहाटे साडेपाचचा गजर तुम्ही बंद करता आणि कूस बदलून पुन्हा झोपता. दिवसभर ठरल्याप्रमाणे खाता, पण रात्री सगळे झोपल्यावर डब्यातले गोरस पाक उभ्याउभ्याच चार-पाच संपतात. दुसऱ्या दिवशी त्याची शिक्षा म्हणून नुसती काकडी आणि ताक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा तोच डबा.

अशा वेळी आमच्या ओपीडीत येणारे वाक्य जवळपास ठरलेले असते : "मॅडम, नाही होत जी आता माह्याच्यानं." आणि त्याला जोडून दुसरे : "माह्यातच जिद्द नाही." यातले पहिले वाक्य खरे असते. दुसरे बहुतेक वेळा चुकीचे असते. पण ते दुसरे वाक्यच माणसाला उपचार सोडायला लावते. सहा महिन्यांनी तीच व्यक्ती उतरलेले सगळे वजन परत घेऊन येते, साखर पुन्हा वाढलेली असते, आणि मधल्या काळात ती आलेली नसते, कारण डॉक्टर रागावतील अशी तिला भीती असते. म्हणून या थकव्याविषयी सविस्तर लिहितो आहोत.

हा थकवा म्हणजे नेमके काय?

'बर्नआउट' हा शब्द हल्ली सर्रास ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आजारांच्या आपल्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली, पण तो आजार नाही आणि तो फक्त नोकरी-व्यवसायाच्या संदर्भात वापरावा, असेही स्पष्ट केले. काटेकोरपणे पाहिले तर वजन कमी करण्याच्या प्रयत्नाला तो लागू होत नाही. तरी त्या व्याख्येतली तीन लक्षणे वाचा : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असे वाटणे. वजन कमी करणे हेही एक कामच आहे. त्याला रविवार नसतो, दिवाळीची सुट्टी नसते आणि रोज सकाळी काट्यावर हजेरी असते.

पद्धत कोणतीही असो. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत असो, आहारतज्ज्ञाने लिहून दिलेला तक्ता असो किंवा जिम असो. कोणती बरी हा वाद इथे घालायचा नाही. प्रत्येक पद्धतीत काही महिन्यांनी थकलेली माणसे भेटतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज एकमेकांचे आकडे पाहणारी जरा लवकर थकतात, असे माझे निरीक्षण आहे.

साधा कंटाळा आणि हा थकवा यांत फरक आहे. कंटाळा एका दिवसाच्या सुट्टीने जातो. हा थकवा झोपूनही जात नाही. चिडचिड वाढते, मुलांवर उगाच आवाज चढतो, मनात दिवसभर खाण्याचाच हिशेब चालतो. थंडी जास्त वाजते. पायऱ्या चढताना मांड्या भरून येतात. केस मुठीने गळतात. बायकांची पाळी पुढे-मागे होते. आणि ज्या चालण्याने सुरुवातीला प्रसन्न वाटायचे, त्याचा विचारही नकोसा होतो.

शरीराच्या बाजूने पाहा

शरीराला तुमचे लग्न, ऑपरेशनची तारीख किंवा मधुमेह यांतले काही कळत नाही. त्याला एवढेच कळते की काही महिने खर्चापेक्षा कमी अन्न येत आहे. माणसाच्या इतिहासात याचा अर्थ एकच होता : दुष्काळ. मग ते दुष्काळात करायचे तेच करते. खर्च कमी करते आणि भूक वाढवते.

याचा सगळ्यात गाजलेला अभ्यास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५मध्ये झाला. ३६ निरोगी तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. २४ आठवडे त्यांना पूर्वीच्या निम्म्याच्या आसपास अन्न देण्यात आले आणि त्यांचे वजन साधारण एक चतुर्थांशाने घटले. त्यांच्या मनाचे काय झाले ते लक्षात घेण्यासारखे आहे. हे तरुण उदास झाले, चिडचिडे झाले, एकमेकांत मिसळेनासे झाले. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. ते मुळात दुबळ्या मनाचे नव्हते, उपाशी होते. तुमचा आहार तितका कडक नसेल, पण रात्री मोबाइलवर झणझणीत रस्स्याचे व्हिडिओ पाहत बसण्याची सवय लागली असेल, तर ती कुठून आली याचे उत्तर इथे आहे.

२०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार देऊन त्यांचे हार्मोन्स मोजले गेले. पोट भरल्याची जाणीव टिकवणारे लेप्टिन घटले होते आणि भूक लावणारे घ्रेलिन वाढले होते. एका वर्षानंतर पुन्हा मोजले तेव्हाही ते पूर्ववत झालेले नव्हते. म्हणजे वजन घटवलेल्या माणसाला इतरांपेक्षा खरोखरच जास्त भूक लागते. शेजारची सडपातळ बाई "मला नाही बाई एवढी भूक लागत" म्हणते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. तुम्हीही नसता.

आधी तपासणी, मग विश्रांती

इथे घाई करू नका. "डाएटमुळे थकवा आला असेल" असे समजून घरीच आराम करत बसल्याने दुसरा आजार सुटून जाण्याचा धोका असतो. मी थकलेल्या प्रत्येकाला आधी साधी तपासणी सांगते : हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, क्रिएटिनिन, शक्य असेल तर बी-१२. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले आहे. त्यात कमी खाणे आणि रोज पाच किलोमीटर चालणे यांची भर पडली, तर धाप लागणारच.

विदर्भात आणखी एक गोष्ट विचारावी लागते : घरात कुणाला सिकलसेल आहे का? सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडणे, अतिश्रम आणि कडक उपवास यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. सिकलसेलचा वाहक असलेली व्यक्ती एरवी ठणठणीत असते, पण तिनेही भर उन्हात दमछाक होईपर्यंत व्यायाम करू नये. वजन कमी करण्याचा कुठलाही बेत आखताना तुमच्या डॉक्टरांना हे सांगाच.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे सुरू असलेली औषधे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल, वजन घटले असेल, जेवण निम्मे झाले असेल आणि डोस मात्र जुनाच असेल, तर साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, एकदम चिडणे, डोळ्यांसमोर अंधारी येणे ही त्याची लक्षणे आहेत. पुष्कळ जण याला 'अशक्तपणा' म्हणतात आणि सहन करतात. तसे करू नका. शक्य असेल तर लगेच साखर मोजा. ती ७०च्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्र नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

रक्तदाबाचेही तसेच आहे. दहा किलो उतरल्यावर जुना डोस जास्त होऊ शकतो. बसल्या जागेवरून उठताना चक्कर येते, आणि लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर एप्रिल-मेमध्ये जास्तच येते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाब मोजून डोस बदलून घ्या. आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी घेत असताना कुणाच्या सल्ल्यावरून भात-भाकरी पूर्ण बंद केली असेल, तर मळमळ, उलट्या, पोटदुखी, दम लागणे याकडे दुर्लक्ष करू नका. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते. ही तातडीची स्थिती आहे.

आता एक उलटी खूण. तुम्ही विशेष काही न करता वजन घटत असेल, रात्री ताप किंवा घाम येत असेल, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर ते यश समजू नका. लगेच तपासून घ्या.

विश्रांती मिळते कुणाला?

"थोडा आराम करा" असे आम्ही चिठ्ठीवर लिहितो आणि पुढच्या रुग्णाला बोलावतो. ते कसे करायचे, हे बहुधा सांगत नाही. आता हिंगणघाट किंवा आर्वीकडच्या एखाद्या गावातल्या चाळिशीच्या बाईचा दिवस पाहा. पाचला उठणे, पाणी, सडा, स्वयंपाक, तीन डबे. नऊला अंगणवाडी, शाळा, दुकान किंवा वावर. कापूस वेचणीच्या दिवसांत वाकून-वाकून कंबर मोडते. संध्याकाळी पुन्हा चूल. तिला डॉक्टर सांगतात की रोज ४५ मिनिटे चाला. ती ४५ मिनिटे कामातून येत नाहीत, झोपेतून येतात. पाचऐवजी ती सव्वाचारला उठू लागते.

आणि तिथेच सगळा हिशेब बिघडतो. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागोमधल्या एका छोट्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या दहा जणांना सारखाच कमी आहार देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दुसरे दोन आठवडे साडेपाच तास झोपण्याची मुभा दिली. वजन दोन्ही वेळा जवळपास तीन किलोच घटले. पण पुरेशी झोप मिळाली तेव्हा त्यातली चरबी १.४ किलो होती, आणि झोप कमी असताना अवघी ०.६ किलो. बाकीचा मोठा भाग चरबी सोडून इतर ऊतींचा, त्यात स्नायूही आले. भूकही वाढली होती. दहाच माणसांचा अभ्यास असला तरी मला तो पटतो, कारण ओपीडीत तेच दिसते. झोप मोडून चालायला जाणाऱ्या बाईला मी आता सांगते की चालणे निम्मे करा, पण झोप मोडू नका.

विश्रांती घेण्यात आपल्याला लाजही वाटते. याबाबत वर्ध्याचेच एक उदाहरण देते, वजनाचे नसले तरी. डिसेंबर १९३५मध्ये गांधीजी वर्ध्यात मगनवाडीत राहत होते. कामाच्या ताणाने त्यांची प्रकृती ढासळली, रक्तदाब खूप वाढला. तेव्हा रक्तदाबावर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या, डॉक्टरांच्या हातात मुख्य औषध होते ते सक्तीच्या विश्रांतीचे. लेखन, पत्रे, भेटीगाठी थांबवाव्या लागल्या. 'हरिजन'साठी ते पुन्हा लिहू लागले ते फेब्रुवारी १९३६च्या अखेरीस. त्यानंतर एप्रिलमध्ये ते सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. रक्तदाब पुढेही त्यांची पाठ सोडत नव्हता. फेब्रुवारी १९४०मधली एक नोंद २२०/११० अशी आहे. सोमवारी मौन पाळण्याचा त्यांचा नियम तर कितीतरी आधीपासूनचा. त्यातला आपल्या कामाचा भाग एवढाच, की त्यांच्या विश्रांतीची वेळ ठरलेली होती आणि आजूबाजूची माणसे ती पाळत. "जमलं तर घेईन" म्हटलेली विश्रांती कधीच जमत नाही.

दोन आठवडे कसे घालवायचे

तपासणीत काही गंभीर निघाले नाही, तर मी साधारण दोन आठवड्यांचा विराम सुचवते. विराम म्हणजे वजन कमी करण्याचा प्रयत्न थांबवायचा, वाढू द्यायचे नाही. कॅलेंडरवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहून ठेवा. तारीख लिहिलेला विराम आणि "सोडून दिलं" यांत मनाच्या दृष्टीने फार अंतर आहे.

यामागे थोडा आधारही आहे. २०१७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लठ्ठ पुरुषांचे दोन गट केले. एकाने सलग १६ आठवडे कमी खाल्ले. दुसऱ्यानेही १६ आठवडेच कमी खाल्ले, पण दोन आठवडे कमी आणि दोन आठवडे वजन टिकेल इतके, असे आलटून पालटून. विराम घेणाऱ्यांचे वजन सुमारे १४ किलोंनी उतरले, सलग करणाऱ्यांचे सुमारे ९ किलोंनी. हे ऐकून लगेच हुरळून जाऊ नका. अभ्यास लहान होता, त्यात फक्त पुरुष होते, जेवण संशोधकांनीच पुरवले होते, आणि नंतरच्या काही अभ्यासांत एवढा फरक दिसलेला नाही. विरामाने वजन जास्त उतरेल असे आश्वासन मी देत नाही. आखून घेतलेल्या विरामाने आतापर्यंतची मेहनत वाया जात नाही, एवढे मात्र सांगू शकते. थकलेल्या माणसासाठी तेवढे पुष्कळ आहे.

खाण्याचे म्हणाल तर उष्मांक मोजत बसू नका, त्या मोजण्यानेच अर्धे लोक थकलेले असतात. सध्याच्या जेवणात दिवसाला एक ज्वारीची भाकरी आणि एक वाटी घट्ट वरण किंवा दही वाढवा. बहुतेकांना तेवढे पुरते. मधुमेह असेल तर ही वाढ करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा आणि साखर मोजत राहा. सकाळचे खाणे बंद केले असेल आणि अकरा वाजता डोके दुखत असेल, तर ते पुन्हा सुरू करा. प्रत्येक जेवणात डाळ, मोट, चणे, अंडे, दही, मासे किंवा चिकन यांपैकी काहीतरी असलेच पाहिजे, कारण स्नायू टिकवायचे आहेत. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. झुणका-भाकर हे वाईट जेवण नाही, त्यातले तेल तेवढे हाताने मोजून घाला. आणि एखादे दिवशी गोळाभात किंवा पाटोडीचा रस्सा सगळ्यांबरोबर पानात वाढून, बसून खा. बसून चवीने खाल्लेल्या पदार्थाने क्वचितच कुणाचे वजन वाढते. वाढते ते रात्री ओट्याशी उभ्याने खाल्लेल्याने.

या दोन आठवड्यांत उपवास नको. चतुर्थी, सोमवार, एकादशी आली तर देवाला मनातून नमस्कार करा. साबुदाण्याची खिचडी खाऊन दिवसभर पाण्यावर राहणे ही विश्रांती नव्हे.

व्यायाम पूर्ण बंद करायचा नाही, पण त्यातली सक्ती काढायची आहे. वीस मिनिटे, गप्पा मारत चालता येईल अशा गतीने. पवनारच्या रस्त्याने सकाळी धापा टाकत जाणाऱ्यांनी दोन आठवडे धामनदीच्या काठी नुसते बसून परत यायलाही हरकत नाही. उन्हाळ्यात तर आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो; सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आत बाहेर व्यायाम नकोच. घामाचा ट्रॅकसूट घालून वजन घटवण्याचा प्रकार अजून दिसतो. त्यात जाते ते पाणी, आणि उष्माघात होऊ शकतो. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर, असे ताकदीचे हलके व्यायाम सुरू ठेवा.

झोपेसाठी मात्र मी हट्ट धरते. सात तास. रात्री अकरा ते पाच झोपणाऱ्यांनी दहाला दिवा बंद करावा. दुपारी शक्य असेल तर वीस मिनिटे आडवे व्हा, तासभर नको. घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असे घरच्यांनी सांगितले असेल, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागत असेल, तर ते वेगळे दुखणे असू शकते. डॉक्टरांना सांगा. तो थकवा विरामाने जाणार नाही.

काटा काय दाखवेल?

घाबरू नका. पहिल्या तीन-चार दिवसांत वजन अर्धा ते दीड किलो वाढलेले दिसू शकते. एक किलो चरबी साठायला सुमारे ७,७०० उष्मांक जास्तीचे खावे लागतात. एका भाकरीने आणि वाटीभर वरणाने ते तीन दिवसांत होणे शक्य नाही. मग वाढले काय? यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा पुन्हा भरतो, आणि तो प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी सोबत ठेवतो. त्यात मीठ, पोटातले अन्न आणि बायकांच्या बाबतीत पाळीपूर्वीची सूज. हे कळलेले नसते म्हणून चौथ्या दिवशी घाबरून पुन्हा काकडीवर जाणारे बरेच असतात.

माझा सल्ला असा की पहिला आठवडा काटा कपाटावर ठेवा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकदा पाहा. हृदयविकार किंवा किडनीच्या रुग्णांना हा नियम लागू नाही. त्यांना रोज वजन करायला सांगितले असेल तर त्यांनी करावेच. दोन दिवसांत दोन किलो वाढ, पायांवर सूज किंवा आडवे झाल्यावर दम लागला, तर दवाखाना गाठावा.

घरच्यांना दोन शब्द

हा भाग रुग्णाने घरी मोठ्याने वाचून दाखवला तरी चालेल.

तुमच्या घरातली व्यक्ती थकली आहे. तिला "मग काय, सोडलं का डाएट?" असे विचारू नका. तिच्या ताटाकडे पाहू नका. "एक पेढ्यानं काय होतं" असा आग्रहही नको आणि "तुला चालतं का ते?" असा पहाराही नको. दोन्हींचा भार सारखाच. जमत असेल तर तिचे एक काम दोन आठवड्यांसाठी उचला. सासूबाईंनी सकाळचा चहा केला, मुलाने पाणी भरले, नवऱ्याने संध्याकाळची भांडी घासली, तर तिला अर्धा तास मिळतो. वजन घटवायच्या गोळ्यांपेक्षा या अर्ध्या तासाचा उपयोग मी जास्त वेळा पाहिला आहे.

एका घरात दोन स्वयंपाक करायला लावू नका. तिच्यासाठी वेगळी भाजी आणि बाकीच्यांसाठी वेगळी, हे कुणीही चार महिन्यांच्या वर करू शकत नाही. तेल सगळ्यांसाठीच कमी होऊ द्या. बाकीच्यांच्या तब्येतीलाही ते चालणार आहे. थकलेले पुरुष असतील तर ते बोलत नाहीत, फक्त चिडतात किंवा ओपीडीला येणे बंद करतात. त्यांना दामटून नको, सोबत घेऊन या.

परत सुरू करताना

दोन आठवड्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारा. सकाळी उठताना आधीपेक्षा बरे वाटते का? रात्रीचे चोरून खाणे कमी झाले का? चालायला जावेसे वाटते का? तिन्हींचे उत्तर हो असेल तर सुरू करा, पण जुन्या तक्त्याने नाही. जो तक्ता तुम्हाला चार महिन्यांत दमवतो, तो बारा महिने चालणार नाही. पूर्वी जेवढे कापले होते त्याच्या निम्मेच कापा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो ही चांगली गती आहे. फार वेगाने वजन घटले की पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते. पुढच्या कॅलेंडरवर आठ ते बारा आठवड्यांनंतरचा विराम आधीच लिहून ठेवा. दिवाळी किंवा घरचे लग्न त्यात बसवले तर उत्तम, नाहीतरी तेव्हा कुणी ऐकत नाही.

आणि ध्येय पुन्हा तपासा. ९० किलोंच्या माणसाचे साडेचार किलो उतरले, म्हणजे पाच टक्के, तरी साखर, रक्तदाब आणि यकृतातली चरबी यांवर चांगला परिणाम दिसू लागतो. कॉलेजमधल्या फोटोतले वजन गाठण्याची वैद्यकीय गरज बहुतेकांना नसते. काहींना मी सरळ सांगते की आता सहा महिने वजन टिकवा, एवढेच काम. ते टिकवणे हे उतरवण्याइतकेच अवघड असते आणि त्याबद्दल कुणी पाठ थोपटत नाही, म्हणून आम्ही थोपटतो.

उत्तर नाही आले, दोन आठवडे पुरेसे खाऊन आणि झोपूनही मन उदास राहिले, कशातच रस वाटेना, खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी काढावीशी वाटू लागली किंवा खाण्यावरचा ताबा वरचेवर पूर्ण सुटू लागला, तर आता वजनाचा विषय बाजूला ठेवायचा. हे मनाच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा सामान्य रुग्णालय, जे जवळ असेल तिथे दाखवा. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. घरातल्या एका माणसाला आत्ताच सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास मोफत सुरू असतो आणि मराठीत बोलता येते.

पुढच्या भेटीला येताना सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिक चूर्णे आणि ओळखीच्या माणसाने दिलेली 'प्रोटीन पावडर'ही. झोपेच्या वेळा एका कागदावर लिहून आणा. काय-काय खाल्ले याची लाज वाटून दोन पदार्थ गाळू नका. आणि मध्ये पाच महिने आला नसाल, वजन पुन्हा वाढले असेल, तरीही या.